एका गोळीमागची चाळीस वर्षे

अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या एका विद्यापीठाने २००१ साली जगाला दोन मोठ्या बातम्या दिल्या. एक होती माकडाच्या पिल्लाची, दुसरी रक्ताच्या कर्करोगावरील गोळीची. त्यातील गोळीची ही कहाणी; ती कुठून निघाली आणि आपल्या देशातील रुग्णाच्या हातात कशी पोहोचली, याची.

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत सरत्या वर्षाचा आढावा येऊ लागतो. क्रिकेट, चित्रपट, राजकारण यांच्या जोडीला एका कोपऱ्यात वर्षभरातील वैद्यकीय शोधांची यादीही असते. अमक्या विद्यापीठात हे सापडले, तमक्या प्रयोगशाळेत ते साधले. प्रत्येक शोधाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी. ज्या घरात कुणी आजारी असते, तिथे मात्र ही यादी फार बारकाईने वाचली जाते. कात्रण काढून ठेवले जाते आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे धरले जाते. ‘‘डॉक्टर, हे औषध आपल्याकडे कधी येणार? आणि आम्हाला परवडेल का?’’

या दोन प्रश्नांची उत्तरे त्या यादीत कधीच नसतात. ती हवी असतील, तर एखाद्या विद्यापीठाचे एखादे वर्ष निवडून ते मागे आणि पुढे उलगडून पाहावे लागते. त्यासाठी ओरेगॉन राज्यातील आरोग्य व विज्ञान विद्यापीठाचे २००१ हे वर्ष निवडण्यासारखे आहे. त्या वर्षीचा तेथील एक शोध आज जगभरातील हजारो घरांत रोजच्या जेवणाबरोबर घेतला जातो. त्यात मराठी घरेही आहेत.

गोळ्यांची टेकडी

पोर्टलंड हे अमेरिकेच्या पश्चिम टोकाचे, नदीकाठी वसलेले शहर. शहराला लागून मार्क्वम नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर रुग्णालये, प्रयोगशाळा आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. गावकऱ्यांनी तिचे नाव ‘पिल हिल’, म्हणजे गोळ्यांची टेकडी, असे पाडले आहे. येथील वैद्यकीय शाळा १८८७ सालची. २००१ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान शिकवणारी जवळचीच एक संस्था तिच्यात विलीन झाली आणि विद्यापीठाच्या नावात ‘विज्ञान’ हा शब्द आला.

बॉस्टन किंवा न्यूयॉर्कच्या बड्या संस्थांपुढे हे विद्यापीठ तसे धाकटे. पण मोठे काम करून दाखवण्याची त्याची ती पहिलीच वेळ नव्हती. १९५८ मध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचे एक निवृत्त अभियंता येथील तरुण शल्यविशारद अल्बर्ट स्टार यांच्याकडे आले. मला कृत्रिम हृदय बनवायचे आहे, असे ते म्हणाले. स्टार यांनी त्यांना समजावले की सबंध हृदय नंतर पाहू, आधी हृदयाची एक झडप तर बनवू या. दोघांनी मिळून झडप बनवली. रचना अगदी साधी, धातूच्या छोट्या पिंजऱ्यात खालीवर होणारा एक चेंडू. रक्त पुढे जाताना चेंडू सरकतो, मागे येऊ लागले की वाट बंद करतो. आधीचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर थोड्याच वेळात दगावला होता. पण सप्टेंबर १९६० मध्ये ज्या रुग्णाला ती बसवली तो पुढे दहा वर्षे जगला. शेवटी त्याचा मृत्यू झाला तो शिडीवरून पडून, हृदयाच्या दुखण्याने नव्हे.

आपल्याकडे लहानपणी सांधे धरणारा रुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी झालेले रुग्ण पुष्कळ. परदेशी झडपेची किंमत मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. ती अडचण सोडवायला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनेक वर्षे खपावे लागले. स्वदेशी ‘चित्रा’ झडप पहिल्यांदा एका रुग्णाला बसवली गेली ती ६ डिसेंबर १९९० रोजी. पोर्टलंडच्या त्या शस्त्रक्रियेपासून मोजले तर तीस वर्षांनी. शोध लागणे आणि तो घरोघरी पोहोचणे यांत किती अंतर असते, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

जानेवारीचा पाहुणा

२००१ च्या जानेवारीत या विद्यापीठाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर आले ते एका माकडाच्या पिल्लामुळे. त्याचे नाव अँडी. जन्म २ ऑक्टोबर २००० चा. विद्यापीठाच्या बीव्हर्टन येथील माकडांच्या संशोधन केंद्रात जेराल्ड शॅटन आणि अँथनी चॅन यांच्या चमूने माकडाच्या बीजांडात जेलीफिशचे एक जनुक घातले होते. अंधारात हिरवी चमक देणारे प्रथिन तयार करणारे हे जनुक. २२४ बीजांडांपासून सुरुवात केली. त्यांतून चाळीस भ्रूण तयार झाले, पाच माद्यांना गर्भ राहिला, तीन पिल्ले जिवंत जन्मली आणि त्यांतील एकट्या अँडीच्या शरीरात ते परके जनुक सापडले. ‘इन्सर्टेड डीएनए’ या शब्दांतील अक्षरे उलट्या क्रमाने जुळवून त्याचे नाव ठेवले होते.

गंमत अशी की हिरव्या जनुकाचा हा अँडी स्वतः मात्र चमकत नव्हता. तरीही गदारोळ व्हायचा तो झालाच. आज माकड, उद्या माणूस, अशी भीती व्यक्त झाली. संशोधकांचे म्हणणे असे की मेंदूच्या दुर्धर आजारांचा अभ्यास उंदरावर पुरेसा होत नाही, माणसाला जवळचा प्राणी हवा. त्याच वाटेने पुढे जाऊन चॅन यांनी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात २००८ मध्ये हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदुविकाराचे जनुक असलेली माकडे जन्माला घातली. पण रुग्णाच्या उशाशी ठेवता येईल असे काही अँडीमुळे हाती आले नाही. तशी वस्तू चारच महिन्यांनी त्याच विद्यापीठातून आली.

साधासा आजार, भयंकर शेवट

‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘सीएमएल’, हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. तो दबक्या पावलांनी येतो. थकवा वाटतो, वजन उतरते, रात्री घाम येतो, पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटते. माणूस म्हणतो, दगदग फार झाली. कित्येकदा भलत्याच कारणासाठी रक्त तपासले जाते आणि पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून प्रयोगशाळेतला माणूसच चपापतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. या आजारात त्या लाखावर जाऊ शकतात. डावीकडचे जडपण असते ते सुजलेल्या पांथरीचे.

पूर्वी या रोगात काही वर्षे बरी जात. मग एक दिवस रोग चवताळून उठे आणि काही महिन्यांत सारे संपे. उपाय दोन. भाऊ किंवा बहिणीची अस्थिमज्जा जुळली तर तिचे रोपण. ते महागडे आणि जिवावरचे. नाहीतर इंटरफेरॉनची इंजेक्शने. त्यांनी महिनोन्‌महिने फ्लूसारखा ताप, अंगदुखी आणि मरगळ. गुण यायचा तो थोड्यांना. भारतातील चित्र आणखी कठीण, कारण पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने उतारवयात होतो, आपल्याकडे मात्र ऐन तिशी-चाळिशीतील रुग्ण मोठ्या संख्येने दिसतात. म्हणजे घरातील कमावता माणूस किंवा लहान मुलांची आई.

नळाचे पाणी आणि जेवणाचे टेबल

या रोगाचे मूळ शोधण्याची सुरुवात १९६० सालीच झाली, पण पोर्टलंडपासून दूर, फिलाडेल्फियात. पीटर नॉवेल हे तेथील डॉक्टर ल्युकेमियाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन पाहत होते. काचपट्टी त्यांनी साध्या नळाच्या पाण्याने धुतली. त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि आतील गुणसूत्रे सुटीसुटी दिसू लागली. नॉवेल यांना गुणसूत्रांची विशेष माहिती नव्हती. त्यांनी डेव्हिड हंगरफर्ड या तरुण संशोधकाला सोबत घेतले. दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणू लागले. कर्करोगाची अशी ठळक जनुकीय खूण प्रथमच सापडली होती.

पण ते आखूड का? तुटलेला तुकडा गेला कुठे? हे कोडे बारा वर्षांनी शिकागोच्या डॉ. जॅनेट राऊली यांनी उलगडले. राऊली चार मुलांची आई. मुले लहान असताना त्यांनी कित्येक वर्षे आठवड्यातील थोडेच दिवस नोकरी केली. गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी नवी रंगवण्याची पद्धत त्या ऑक्सफर्डमध्ये शिकून आल्या होत्या. गुणसूत्रांची छायाचित्रे त्या घरी आणीत, जेवणाच्या टेबलावर पसरीत, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावीत. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते, अशी मुले थट्टा करीत. त्या टेबलावर राऊलींच्या ध्यानात आले की बाविसाव्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा नवव्या गुणसूत्राला चिकटला आहे. दोघांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. १९७३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

पुढच्या दशकात इतर संशोधकांनी दाखवले की या अदलाबदलीत दोन वेगवेगळी जनुके एकमेकांना चिकटतात आणि त्यांपासून शरीराला अनोळखी असे एक प्रथिन तयार होते. पेशीने वाढावे की थांबावे, हे ठरवणारे बटण शरीरात एरवी चालू-बंद होत असते. हे नवे प्रथिन म्हणजे चालू स्थितीतच अडकून बसलेले बटण. १९९० मध्ये उंदरांच्या अस्थिमज्जेत हे जोड-जनुक घातले आणि उंदरांना तसाच रोग झाला. गुन्हेगाराची ओळख पटली. आता ते बटण बंद करणारे औषध हवे होते.

एका डॉक्टरचा हट्ट

ब्रायन ड्रकर हे कर्करोगाचे डॉक्टर बॉस्टनच्या एका नामांकित संस्थेत काम करीत. तिथे ते नेमक्या याच जातीच्या प्रथिनांच्या मागे होते. स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी या औषध कंपनीत निक लायडन आणि त्यांचे सहकारी असली बटणे बंद करणारी रसायने बनवीत होते, हे ड्रकर यांना ठाऊक होते. पण बॉस्टनच्या संस्थेचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने हात बांधलेले. १९९३ मध्ये ड्रकर बॉस्टन सोडून पोर्टलंडच्या टेकडीवर आले. आल्याबरोबर त्यांनी लायडन यांना फोन लावला आणि रसायने मागवून घेतली.

त्यांतील एका रसायनाने काचेच्या तबकडीत कमाल केली. सीएमएलच्या पेशी मेल्या, निरोगी पेशी जवळजवळ तशाच राहिल्या. कर्करोगाच्या तोवरच्या बहुतेक औषधांचा खाक्या असा की वाढणारी पेशी दिसली की मार. म्हणून केस गळत, तोंड येई, उलट्या होत. हे रसायन मात्र एकाच कुलपाला बसणारी किल्ली होते. १९९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

इथून सारे सुरळीत व्हायला हवे होते, पण तसे झाले नाही. त्याच वर्षी सिबा-गायगी आणि सँडोझ या दोन कंपन्या एकत्र येऊन नोव्हार्टिस ही नवी कंपनी झाली आणि जुन्या प्रकल्पांची फेरतपासणी सुरू झाली. प्राण्यांवरील चाचण्यांत काही त्रास दिसले होते. शिवाय हिशेब होता. अमेरिकेत या रोगाचे वर्षाला नवे रुग्ण काही हजारच. एवढ्यांसाठी इतका खर्च करायचा का, असा प्रश्न कंपनीत होता. ड्रकर पाठपुरावा करीत राहिले. त्यांचे म्हणणे, माझे रुग्ण मरत आहेत, निदान करून तर पाहू.

अखेर जून १९९८ मध्ये माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली. पोर्टलंडमध्ये ड्रकर, लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स सॉयर्स आणि ह्यूस्टनमध्ये मोशे तलपाझ. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेले रुग्ण घेतले. रोजची मात्रा २५ मिलिग्रॅमपासून सुरू केली आणि काळजीपूर्वक वाढवत नेली. मात्रा ३०० मिलिग्रॅमवर गेली तेव्हा जे घडले त्यावर डॉक्टरांचाही विश्वास बसेना. त्या किंवा त्याहून अधिक मात्रेच्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले, बहुतेकांचे महिनाभरातच. ज्यांनी निरवानिरव करून ठेवली होती ती माणसे पुन्हा कामावर जाऊ लागली. बातमी रुग्णांमध्ये वणव्यासारखी पसरली. औषध पुरेसे बनत नाही हे कळताच रुग्णांनीच हजारो सह्यांचे निवेदन कंपनीला धाडले आणि कंपनीने उत्पादन वाढवले.

एप्रिल २००१ मध्ये चाचणीचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १० मे २००१ रोजी अमेरिकी सरकारने औषधाला परवानगी दिली. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याच्या कॅप्सूल बंदुकीच्या गोळ्यांसारख्या छापल्या. औषधाचे शास्त्रीय नाव इमॅटिनिब, अमेरिकेत ‘ग्लीव्हेक’, इतरत्र ‘ग्लिव्हेक’. वाचकांना बातमी मिळाली ती २००१ सालची, पण तिच्या मागे नळाच्या पाण्याने धुतलेल्या त्या काचपट्टीपासूनची चाळीस वर्षे होती.

मुंबईहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

आता दुसरा प्रश्न, परवडण्याचा. अमेरिकेत या औषधाचा सुरुवातीचा खर्च वर्षाला ३० हजार डॉलरच्या घरात होता. भारतात मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत. आणि हे औषध पंधरा दिवसांचा कोर्स करून सोडण्याचे नव्हे. ते वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर घ्यायचे.

भारतात १९७० च्या कायद्याप्रमाणे औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, औषधाला नव्हे. त्यामुळे दुसऱ्या कृतीने तेच औषध बनवण्याची मुभा होती. आपल्या कंपन्यांनी इमॅटिनिब बनवले आणि ते महिना ८ ते १० हजार रुपयांत मिळू लागले. पण जागतिक व्यापार कराराप्रमाणे कायदा बदलत होता. नोव्हार्टिसने औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ मध्येच चेन्नईत अर्ज करून ठेवला होता. २००३ मध्ये कंपनीला भारतात विक्रीचा एकाधिकार मिळाला. स्वस्त गोळीचे भवितव्य टांगणीला लागले.

या पेटंटला विरोध करण्यासाठी देशी औषध कंपन्यांच्या बरोबरीने उभी राहिली ती मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांना मदत करणारी संस्था. २००५ मध्ये पेटंट कायद्यात सुधारणा झाली आणि तिच्यातील कलम ३ (ड) या लढाईत निर्णायक ठरले. या कलमाचा आशय असा की जुन्याच पदार्थाचे रूप बदलले म्हणून नवे पेटंट मिळणार नाही. नव्या रूपाने गुणात खरी वाढ झाली पाहिजे. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली. प्रकरण सात वर्षे चालले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. न्यायमूर्ती देसाई याआधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. हे स्फटिकरूप शरीरात अधिक शोषले जाते, हे कंपनीचे म्हणणे. पण त्याने रोग अधिक बरा होतो असे सिद्ध झाले नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. भारतातील आपले बहुसंख्य रुग्ण हे औषध फुकट घेतात, असे कंपनी सांगत असे आणि तिच्या मोफत योजनेतून अनेकांना औषध मिळत होते, ही गोष्ट खरी. संशोधनाला पैसा लागतो, तो परत मिळाला नाही तर पुढचे औषध कोण काढील, हा तिचा प्रश्नही उडवून लावण्यासारखा नाही. पण दानावर चालणारे औषध आणि हक्काने विकत घेता येणारे औषध यांत रुग्णाच्या मनाला जाणवणारा फरक असतो. योजना बंद झाली तर काय, ही टांगती तलवार दुसऱ्या प्रकारात नसते. योगायोग असा की त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये जगभरातील शंभराहून अधिक सीएमएल-तज्ज्ञांनी कर्करोगाच्या औषधांच्या किमती न झेपणाऱ्या झाल्या आहेत, असे एका लेखातून जाहीरपणे सांगितले. त्यांच्यात खुद्द ब्रायन ड्रकरही होते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

आजचे चित्र

नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीतील रुग्णांचा पुढे दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. इमॅटिनिब सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असावेत, असा हिशेब निघाला. एके काळी चार-सहा वर्षांची मुदत सांगणारा हा रोग आता मधुमेह किंवा रक्तदाबासारखा, गोळी घेत सांभाळण्याचा झाला आहे. २००२ मध्ये पोटातील एका दुर्मीळ गाठीवरही याच औषधाला मान्यता मिळाली. ड्रकर, लायडन आणि सॉयर्स यांना २००९ चा लास्कर पुरस्कार मिळाला. राऊली, ड्रकर आणि लायडन यांना २०१२ चे जपान पारितोषिक देण्यात आले. टेकडीवरील कर्करोग संस्थेला ‘नाइके’ या बुटांच्या कंपनीचे संस्थापक फिल नाइट आणि त्यांच्या पत्नीने २०२५ मध्ये दोनशे कोटी डॉलरची देणगी जाहीर केली.

हे औषध सर्वांनाच चालते असे नाही. पायांत गोळे येणे, डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पुरळ असे त्रास काहींना होतात. काहींच्या शरीरात ते प्रथिन आपला आकार थोडा बदलते आणि किल्ली कुलपाला बसेनाशी होते. हे कसे घडते तेही २००१ मध्येच सॉयर्स यांच्या चमूने दाखवले आणि त्या ज्ञानावरून पुढच्या पिढीची डासाटिनिब, निलोटिनिब, पोनाटिनिब ही औषधे निघाली. ज्यांच्या रक्तात रोगाचा मागमूस वर्षानुवर्षे सापडत नाही, अशा काही निवडक रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवताही येते. त्यांच्यापैकी काहींना रोग परततो आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

सीएमएल संसर्गाने होत नाही. एकत्र जेवणे, एकाच घरात राहणे यांत कुणालाही धोका नाही. गुणसूत्रांतील ती अदलाबदल जन्मानंतर शरीरातील एखाद्या पेशीत घडते, आईवडिलांकडून येत नाही. त्यामुळे मुलामुलींच्या लग्नात या आजाराचा अडसर मानण्याचे कारण नाही.

सतत थकवा, विनाकारण उतरणारे वजन, रात्रीचा घाम आणि डाव्या बरगडीखाली जडपणा ही लक्षणे बराच काळ राहिली तर साधी रक्ततपासणी करून घ्यावी. यांतील बहुतेक लक्षणे दुसऱ्या किरकोळ कारणांनीही येतात, म्हणून घाबरून जाऊ नये. पण तपासणी टाळूही नये.

औषध चालू असताना मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. गर्भारपणी हे औषध बाळाला अपाय करू शकते. दुसरी कोणतीही औषधे, काढे, चूर्णे घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे. संत्र्यासारख्या दिसणाऱ्या पण त्याहून मोठ्या ‘ग्रेपफ्रूट’चा रस या औषधाबरोबर घेऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गोळी चुकवू नये. या आजारात घात होतो तो बरे वाटल्यामुळेच. दोन-तीन महिन्यांत रक्त सुधारते, अंगात ताकद येते, माणूस शेतावर, दुकानात, कचेरीत जाऊ लागतो. मग वाटते, आता कशाला रोज गोळी? कुणी एक दिवसाआड घेतो, कुणी पैसे वाचवायला, कुणी गावी जाताना न्यायला विसरतो. बटण बाहेरून बंद दिसते, पण ते गोळीने दाबून धरलेले असते. वारंवार खंड पडला की औषधाचा गुण घटतो आणि रोगाला पुन्हा डोके वर काढायला वाव मिळतो. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी, जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने करावी.

अल्बर्ट स्टार, नॉवेल, राऊली, ड्रकर आणि मुंबईच्या त्या संस्थेतील कार्यकर्ते यांनी आपापला वाटा उचलला. शेवटचा वाटा घरच्यांचा आहे. रात्री ताटे मांडताना ‘‘गोळी घेतलीत का?’’ एवढे विचारण्याचा.